फ्रीज बंद पडलाय, भाजी कशी टिकवू?

वऱ्हाडची सून
आम्ही अकोल्याला असतो. काल फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला, पार्ट यायला आठ दिवस लागणार. घरात मेथी, कोथिंबिरीच्या दोन जुड्या, वांगी, दोन लिटर दूध. बाहेर 44 अंश, सकाळची मेथी संध्याकाळी माना टाकते. माझी सकाळची शाळा, रोज बाजार जमत नाही. घरातल्याच वस्तूंत काही होईल का?

शेतावरची
ताई, तुमच्याकडची हवा कोरडी आहे, त्यामुळे नक्की होईल. मातीची मोठी रिकामी कुंडी घ्या. तळाचं भोक चिंधीने बुजवा, चार बोटं रेती घाला, त्यावर स्टीलचा डबा ठेवून भोवतीच्या फटीतही रेती भरा. रेती चिंब भिजवा. भाजी डब्यात, वरून ओलं गोणपाट. वारा लागेल पण ऊन येणार नाही अशा जागी दोन विटांवर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. माठासारखंच आहे हे, झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणून रंग दिलेली कुंडी नको, तिची छिद्रं बुजलेली असतात.

आमच्या शेतात याचंच मोठं रूप आहे. विटांच्या दोन भिंती आणि मध्ये साडेसात सेंटिमीटर रेती. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेला हा ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’. वडिलांनी बांधला तेव्हा मी विटा वाहिल्या होत्या, अजून त्यातच भाजी ठेवतो.

कांदे-बटाटे मात्र त्यात ठेवू नका, ओलीने सडतात.

रत्नागिरीकर
आमच्याकडे मी हे करून पाहिलं, जमलं नाही. हवा दमट, पाणी उडतच नाही, पालेभाजीला बुरशी आली. मी कोथिंबीर मुळांसकट पेल्यात पाणी घालून उभी ठेवतो, पाणी रोज बदलतो.

वऱ्हाडची सून
चौथा दिवस. तुळशीची जुनी कुंडी आणि पोह्यांचा डबा वापरला. मेथी आज केली, पानं ताठ होती! शेतावरच्या ताई, तुमचे खूप आभार. दूध मात्र पहिल्याच दिवशी त्यात ठेवलं आणि नासलं. आता रोज अर्धा लिटरच घेते, दोनदा तापवते, उरलेल्याला रात्री विरजण लावते. एक विचारायचं होतं, रेतीला कुबट वास येतोय. बदलू का?

शेतावरची
बदलायची गरज नाही. धुऊन दिवसभर कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा भरा. तोवर डबा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा.