कौटुंबिक वाइनरीने नव्या वाचकांसाठी नेमके काय लिहावे?

द्राक्षवेल:
नमस्कार. आमची वाइनरी लहान आहे. बाग, तळघर आणि विक्री हे सर्व घरातील चौघेच सांभाळतो. जाहिरातीचा खर्च झेपत नाही, म्हणून गेले वर्षभर मी स्वतः नियमित लिहीत आहे. प्रत्येक वाइनचा सुगंध आणि चव मी मन लावून वर्णन करतो, परंतु वाचणारे बहुतेक जण आधीपासूनचे जाणकारच असतात. ज्यांनी वाइन क्वचितच चाखली आहे, अशा प्रौढ वाचकांपर्यंत पोहोचायचे असेल तर लिखाणात काय बदल करावा?

सालपापुद्रा:
माझ्या मते चवीच्या वर्णनापासून सुरुवात करणे हीच अडचण आहे. ‘चामडे, देवदार, ओली माती’ हे शब्द जाणकाराला काही सांगतात. नवख्याला मात्र ती परीक्षा वाटते आणि तो मागे सरतो. त्यापेक्षा त्याच्या मनात असलेला, पण विचारायला संकोच वाटणारा प्रश्न घ्यावा. रेड वाइनने तोंड कोरडे का पडते? ती सालींसह आंबवलेली असते, आणि साली व बियांमधील टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतील प्रथिनांना धरून बसते, म्हणून. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर जवळजवळ रंगहीन असतो आणि वाइनचा रंग सालीतून उतरतो, हे बोटांत चिरडलेल्या एका मण्याच्या छायाचित्रातून सहज पटते.

तळघर:
वरील मताशी मी सहमत आहे. आमच्याकडे एकदा एका ग्राहकाने व्हाइट वाइनची बाटली परत आणली, कारण तळाशी काचेचा चुरा आहे अशी त्यांची खात्री झाली होती. प्रत्यक्षात ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक होते. वाइन फार थंड झाली की ते तळाशी बसतात आणि त्यांच्यापासून काहीही अपाय होत नाही. बाटली उजेडासमोर धरून मी त्यांचे छायाचित्र काढले आणि त्याच रात्री त्याविषयी लिहिले. त्या लिखाणावर जेवढे प्रश्न आले, तेवढे आमच्या कोणत्याही पुरस्काराच्या बातमीवर आले नव्हते.

विषय शोधत बसण्याचीही गरज नाही, ते बागच पुरवते. मण्यांत पाणी उतरते, म्हणजे ते पिकायला लागून मऊ पडतात, तेव्हा काय बदलते, रसातील साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी पुरेशी दिसत असूनही तुम्ही बी चावून का पाहता आणि ती हिरवी, म्हणजे कच्ची लागली तर काढणी पुढे का ढकलता, हे जरूर लिहा. मोठ्या कंपनीची जाहिरात हे सांगत नाही, कारण तो निर्णय घेणारा माणूस तिथे लिहीत नसतो.

पहिलाघोट:
मी नवखा ग्राहक म्हणून लिहितो. 225 लिटरच्या एका पिंपातून साधारण 300 बाटल्या निघतात, एवढे एक वाक्य एका लहान उत्पादकाने लिहिले होते. ते वाचल्यावर त्यांचा माल लवकर का संपतो, हे मला प्रथमच उमगले. पावसाने घड खराब झालेल्या वर्षाविषयीही त्यांनी मोकळेपणाने लिहिले होते, आणि माझा विश्वास त्यामुळेच बसला.

द्राक्षवेल:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या हंगामात आमचे एक पिंप आंबट होऊन वाया गेले होते आणि त्याविषयी मी मुद्दाम मौन बाळगले होते. पुढचे लिखाण त्यावरच करतो.