मदत हवी आहे: पालिकेच्या ठेक्यावरच्या रुग्णवाहिकेचं कंत्राट संपतंय, नव्या करारात काय घालायला लावायचं?

कुळागर:

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, प्रश्न शेवटी आहेत, घाईत असाल तर सरळ खाली जा.

आमचं शहर उत्तर गोव्यातलं, शहर म्हणायचं ते पालिका आहे म्हणून, नाहीतर बाजार, देऊळ, बसस्टँड आणि भोवतीचे वाडे एवढंच. नाव मुद्दाम देत नाही कारण इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, कंत्राटदारही गावातलाच, चवथीला माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बघायला एकमेकांच्या घरी जाणारे लोक आम्ही. तर पालिकेने १०८ च्या जोडीला म्हणून एक रुग्णवाहिका ठेक्यावर घेतलीय, गाडी एजन्सीची, ड्रायव्हर त्यांचेच, पालिका दर महिन्याला ठराविक रक्कम देते आणि पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरलंय म्हणतात. म्हणतात असं लिहिलं कारण कराराचा कागद आमच्यापैकी कोणी डोळ्यांनी बघितलेला नाही. आता मुदत संपत आलीय आणि पुढच्या पालिका बैठकीत मुदतवाढीचा विषय येणार असं आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडून कळलं.

१०८ वर धागा नेऊ नका ही विनंती. ती सेवा गोव्यात २००८ पासून आहे, तीही सरकारने करार करून संस्थेकडे दिलेलीच आहे, आणि तिच्यात निदान शिकलेला माणूस पेशंटजवळ बसतो. पण कुठलीही गाडी एकदा पेशंट घेऊन गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, गेली की बांबोळीहून परत यायला वेळ लागणारच, म्हणून तर ही दुसरी ठेवली.

आता या दुसरीचं काय होतं ते ऐका. शेजारचे काका, फुप्फुसांचा जुना आजार, संध्याकाळी धाप वाढली, आरोग्य केंद्रातून पुढे न्या म्हणून चिठ्ठी दिली आणि १०८ ची गाडी दुसऱ्या केसवर होती म्हणून पालिकेच्या गाडीला फोन केला. गाडी आली, वेळेवर आली, खोटं कशाला सांगू. आत स्ट्रेचर, सिलिंडर, वर मीटर, सगळं होतं, फक्त सिलिंडर उघडायची चावी नव्हती. ड्रायव्हर सीटखाली बघतोय, डॅशबोर्डच्या खणात बघतोय, शेवटी समोरच्या गॅरेजवाल्याकडून पाना आणून वॉल्व्ह फिरवला तर काटा लाल पट्टीत, आणि पाण्याची बाटली जोडलेली असते ना, ती कोरडी ठणठणीत. मागे काकांजवळ कोण, तर त्यांचा मुलगा आणि मी, मी बँकेत क्लार्क आहे. ड्रायव्हर म्हणाला "मी गाडी चालवू की नळी धरू?" बरोबरच बोलला बिचारा. काका पोचले, आता घरी आहेत आणि मासे मिळाले नाहीत म्हणून कुरकुर करण्याइतके बरे आहेत.

हे मी वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि मग एकेकाचं सुरू झालं, रात्री फोन उचलत नाहीत, गाडी डायलिसिसवाल्यांना सोडायला गेलेली असते, शिमग्याच्या मिरवणुकीत दिवसभर उभी होती, मॅचला मैदानावर होती, ड्रायव्हर जेवायला घरी गेला तो गाडी घेऊनच गेला. सगळ्यांचं म्हणणं एकच, कंत्राटदार बदला. माझं मत वेगळं आहे आणि त्यावरून ग्रुपवर शिव्याही खाल्ल्या. करारात जर "एक रुग्णवाहिका व चालक पुरवणे" एवढंच असेल तर तो माणूस करार पाळतोय! उद्या दुसरा आला तरी तोही तेवढंच देईल. भांडायचं तर कागदाशी भांडायला हवं.

म्हणून विचारतोय. कराराची प्रत बैठकीच्या आधी कशी मिळवायची, पालिका म्हणते खासगी एजन्सीचा करार आहे, देता येत नाही, हे खरं का? गाडीत काय काय असायलाच हवं याचा काही सरकारी नियम आहे का की जो तो आपल्या मर्जीने पांढरा रंग आणि निळा दिवा लावतो? दंडाचं कलम कसं लिहितात? आणि एकच गाडी असताना ती डायलिसिसला द्यायची की तातडीच्या पेशंटसाठी राखायची, हे कुठे कसं ठरवतात? कोणी पालिका, झेडपी, ट्रस्ट कुठेही असलं काम केलं असेल तर कृपया लिहा.

टेंडरवाला:

मी कोल्हापूर बाजूला एका ट्रस्टसाठी गाड्यांच्या निविदा केल्यात, अनुभवावरून सांगतो. नियम आहे. एआयएस-१२५ नावाचं मानक आहे, त्यात रुग्णवाहिकेचे ए ते डी असे चार प्रकार. ए म्हणजे नुसता प्रथमोपचार देणारा माणूस लवकर पोचवायला, बी म्हणजे ज्याला वाटेत उपचार लागणार नाहीत अशा पेशंटची ने-आण, सी म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट, डी म्हणजे व्हेंटिलेटर-मॉनिटरवाली ॲडव्हान्स्ड. तुमच्या वर्णनावरून पालिका बी घेतेय आणि लोक तिच्याकडून सीची अपेक्षा करतायत. आरसी बुक बघा, शिवाय निविदेत कुठला प्रकार मागितला होता ते बघा, तिथेच निम्मं भांडण मिटेल.

दुसरं, पैसे कसे देता यावर गाडी कशी वागते ते ठरतं. महिन्याला ठोक रक्कम दिली की कंत्राटदाराला गाडी उभी राहण्यात फायदा, डिझेल वाचतं. किलोमीटरवर दिली की लांबच्या फेऱ्या मारण्यात फायदा, मग गावातली छातीत दुखणारी म्हातारी नको आणि बांबोळीची फेरी हवी. आम्ही शेवटी थोडी ठोक आणि थोडी किलोमीटरवर अशी खिचडी केली, आणि गाडी बंद राहिली किंवा माणूस कमी असला तर त्या तासांची रक्कम बिलातूनच कापायची असं लिहिलं. दंड वेगळा वसूल करायला कोणी जात नाही हो, नोटिसा फायलीत पडून राहतात, बिलातून कापलं की लगेच कळतं.

आणि वेळ मोजायची तर फोन आल्यापासून पेशंटच्या दारात पोचेपर्यंत मोजा, गाडी हलल्यापासून नव्हे. ही पळवाट सगळे वापरतात.

कुळागर:

पैशाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, ठोकच देतात आमच्याकडे. पण वेळ मोजणार कोण? लॉगबुक ड्रायव्हरच लिहितो आणि महिनाअखेरीला एका बैठकीत एकाच पेनाने लिहितो.

टेंडरवाला:

जीपीएस लावा आणि लॉगिन पालिकेकडे ठेवा, एजन्सीकडे नव्हे. फोनसुद्धा पालिकेच्या नावाच्या नंबरवर यायला हवा, ड्रायव्हरच्या खासगी मोबाइलवर नको, म्हणजे किती कॉल आले आणि किती उचलले ते बिलावर दिसतं. आणि हो, दर पाळीला गाडी ताब्यात घेताना सामानाच्या यादीवर सही, त्यात सिलिंडरची चावी साखळीने बांधलेली आहे का हेही. हसू नका, आमच्याकडेही चावीच हरवायची.

ओपीडी_संपली:

मी सरकारी इस्पितळात काम करते, कुठल्या ते सोडा. मागे बसणाऱ्या माणसाबद्दल लिहायला हवं कारण सगळे सिलिंडरवरच बोलतायत. बी टाइप सिलिंडरमध्ये (हा बी सिलिंडरच्या आकाराचा, वरच्या गाडीच्या प्रकारातला नव्हे) भरलेला असताना साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटरने सोडला तर अडीच तास, काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास, आणि बांबोळीच्या वाटेत ट्रॅफिक लागला की हिशोब संपला. पण कुळागर, तुमच्या काकांना १० लिटरने ऑक्सिजन देणंही बरं नव्हतं. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या या आजाराच्या, जुन्या पेशंटचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, बहुतेक वेळा ८८ ते ९२ टक्क्यांत ठेवतात, त्याहून वर रेटलं तर आत कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो आणि घरच्यांना वाटतं काका शांत झोपले. हे बघायला शिकलेला टेक्निशियन लागतो, बँकेतला क्लार्क नाही, राग मानू नका. म्हणून करारात चालक अधिक प्रशिक्षित टेक्निशियन, दोघांची नावं आणि प्रमाणपत्रं पालिकेकडे जमा, असंच हवं.

आणि लोकांना हेही सांगा की छातीत दुखलं की घरातून थेट बांबोळी गाठायचा हट्ट करू नका. स्टेमी गोवा या हार्ट अटॅकसाठीच्या योजनेत तालुक्याच्या केंद्रांमधून ईसीजी तज्ज्ञांकडे पाठवतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच देतात. ती पहिली काही मिनिटं गाडीत घालवण्यात अर्थ नसतो. अशा वेळी पहिला फोन १०८ लाच करा.

डायलिसिसची ने-आण मात्र बंद करू नका प्लीज, ते लोक आठवड्यातून दोन-तीनदा जातात, बसने परत येताना त्यांचे काय हाल होतात ते मी बघते. त्यांच्यासाठी साधी व्हॅन वेगळी मागा, स्वस्त पडते.

सतरंजी:

एवढा अभ्यास कशाला करताय राव, निवडणूक येऊ द्या, फोटो लावलेली नवीकोरी रुग्णवाहिका हिरवा झेंडा दाखवून येईल. डिझेल कोण घालणार ते विचारू नका फक्त.

अर्जदार:

सतरंजीभाऊंचं खरं असलं तरी अर्ज करायला काय हरकत. कुळागर, "खासगी एजन्सीचा करार, देता येत नाही" हे चालत नाही. करारात एक पक्ष पालिका आहे, पैसा पालिकेचा आहे, कागद पालिकेच्या कपाटात आहे. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ६ खाली पालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे साधा अर्ज, १० रुपये फी. कलम २(एफ) मध्ये माहितीच्या व्याख्येतच कंत्राटं, लॉगबुकं आलेली आहेत. ते कलम ८(१)(डी), म्हणजे व्यापारी गुपित, पुढे करतील, पण मासिक दर आणि अटी हे गुपित कसलं, आणि जनहित मोठं असेल तर तेही द्यावं लागतं.

अडचण एकच, उत्तराची मुदत ३० दिवस आणि तुमची बैठक त्याआधी. म्हणून प्रती मागता मागता त्याच अर्जात कागदपत्रांची पाहणीही मागा, कलम २(जे) मध्ये तो हक्क आहे, बसून वाचा, टिपणं काढा. आणि समांतर नगरसेवकाला धरा, बैठकीची विषयपत्रिका त्याच्या हातात आधी येते, त्याने मुख्याधिकाऱ्याकडे फाइल मागितली तर त्याला कोण नाही म्हणणार. मागताना "रुग्णवाहिकेबाबत सर्व माहिती" असं मोघम लिहू नका, काहीच मिळत नाही. करारनामा, कार्यादेश, गेल्या वर्षाची बिलं, बिलातून कधी कपात झाली असेल तर ते आदेश, लॉगबुक, चालकांची नावं आणि पाळ्या, असं एकेक लिहा. कपातीचे आदेश मात्र नक्की मागा. एकही निघाला नाही तर दंडाचं कलम आहे की नाही ते आपोआप कळेल.

टेंडरवाला:

आणि मुदतवाढ द्यायचीच असेल तर तीन महिन्यांची द्या म्हणावं, वर्षाची नको. नव्या अटींची निविदा काढायला तेवढे लागतात. वर्षाची दिली की पुढच्या वर्षी हाच धागा वर काढाल.

घाटमाथा:

ड्रायव्हरांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझा भाचा असल्याच गाडीवर होता, आमच्या इथे नव्हे, दुसरीकडे. कागदावर तीन ड्रायव्हर, प्रत्यक्षात एक आणि एक बदली, गाडीतच झोपायचं, पगार दोन-दोन महिने लटकलेला. तो रात्री फोन उचलत नाही कारण तो माणूस सकाळपासून जागा आहे. करारात लिहून घ्या की पगार बँकेत जमा झाल्याची आणि पीएफची पावती जोडल्याशिवाय पुढचं बिल पास होणार नाही. नाहीतर टेक्निशियनही कागदावरच राहील.

कुळागर:

सगळ्यांना देव बरें करूं. अर्ज लिहून काढलाय, पाहणीची मागणी घातलीय, नगरसेवकाला भेटलो तर तो म्हणाला फाइल मागतो पण तू पाच जणांच्या सह्यांचं पत्र दे म्हणजे मला बोलता येईल, ते आज फिरवतोय. ग्रुपवर डॉक्टरताईंचा सीओपीडीचा मजकूर टाकला त्यावर काकांच्या मुलाने फोन करून अर्धा तास डोकं खाल्लं, त्याला म्हटलंय, इथल्या ताईंना नव्हे, काकांच्या स्वतःच्या डॉक्टरांना विचार.

अजून एक अडलंय. रात्री गाडी उभी कुठे करायची यावर दोन तट आहेत. पालिकेच्या आवारात म्हणजे लक्ष राहील असं एक गट म्हणतो, पण तिथलं गेट रात्री बंद असतं आणि चावी वॉचमनकडे. आरोग्य केंद्राच्या आवारात ठेवली तर नर्स हाक मारू शकते, सिलिंडरही तिथे बदलता येईल, पण ते आवार आरोग्य खात्याचं, परवानगी वेगळी लागेल. असली परवानगी कोणी काढली आहे का, पत्र कोणाच्या नावाने द्यायचं? आणि कोणाकडे निविदेचा नमुना असेल, टेंडरवाले तुम्हालाच विचारतोय, तर नावं खोडून इथे टाकाल का? बैठकीत नगरसेवकाच्या हातात काहीतरी छापील द्यायचंय.