एकेक लस सुटी देण्याबद्दल

'बाळाच्या अंगावर एकदम इतका भार नको, एकेक लस महिन्याच्या अंतराने देऊ' असं तुम्ही म्हणताय. त्यामागची काळजी मला कळते. दोन्ही मांड्यांवर सुया टोचताना बघवत नाहीच. पण अंतर वाढवलं की सुया तितक्याच राहतात, दवाखान्याच्या खेपा वाढतात आणि मधले महिने बाळ उघडं पडतं.

डांग्या खोकल्याचंच बघा. मोठ्या मुलाला खोकल्याची उबळ येते, 'हूप' असा आवाज येतो, आजार ओळखू येतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला कधीकधी खोकलाही येत नाही. श्वासच मध्ये थांबतो, ओठ निळे पडतात. पहिले डोस इतक्या लवकर ठेवलेत ते याच वयासाठी. ते वर्षभराने दिले तर सर्वांत धोक्याचा काळ निघून गेलेला असतो.

गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीने ऑटिझम होतो ही भीती १९९८ च्या एका शोधनिबंधातून पसरली. तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला.

थांबण्याची खरी कारणंही असतात: आधीच्या डोसला तीव्र अ‍ॅलर्जी, जिवंत लशींच्या (म्हणजे कमकुवत केलेले जिवंत जंतू असलेल्या लशींच्या) बाबतीत प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार, किंवा त्या दिवशी जोराचा ताप. साधी सर्दी त्यात येत नाही. यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि ज्यांचे डोस आधीच लांबलेत त्यांनी घाबरू नका. सहसा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलं तिथून पुढे चालू करतात. याच आठवड्यात कार्ड घेऊन जा.