मदत हवी आहे: चिठ्ठ्या टाकून कारभारी निवडले तर घराणेशाही टळते का?

आमच्या वाचनगटात पुढच्या रविवारी हा विषय मला मांडायचा आहे आणि एका जागी अडलोय.

प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सचं वाचून झालं. ५०० जणांची सभा चिठ्ठीने, मुदत एक वर्ष, आयुष्यात फार तर दोनदा संधी, पद सोडताना हिशेब तपासणी. पण सेनापती मात्र मतदानानेच निवडत, आणि पेरिक्लीससारखा बड्या घरचा माणूस तिथूनच वर्षानुवर्षं वजन राखून होता. स्त्रिया आणि गुलाम मोजदादीतच नव्हते. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२६८पासून डोज, म्हणजे आपला प्रमुख, निवडताना चिठ्ठी आणि मतदान यांची अशी काही गुंतागुंत केली की वशिला लावणंच अवघड. पण १२९७नंतर हे निवडणारे जिच्यातून येत त्या महासभेचं दारच ठरावीक घराण्यांपुरतं उरलं, मग चिठ्ठी कुणाच्याही नावाची निघो! आयर्लंडची २०१६ची नागरिक सभा (९९ नागरिक) आणि बेल्जियमच्या जर्मनभाषक भागातली २०१९ची कायमस्वरूपी परिषदही पाहिली. दोन्हीकडे लोकांच्या हाती फक्त शिफारशी, तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडेच.

आपल्याकडची सरपंच आरक्षणाची सोडत इथे धरू नका. तिथे प्रवर्ग चिठ्ठीने ठरतो, माणूस नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची सर्वसहमतीने निर्णय घ्यायची पद्धतही ठाऊक आहे, पण मला गावापेक्षा मोठा आकार हवाय. ‘माणूसच लबाड’ हे उत्तरही नको, ते गटात रोज मिळतं.

तर नेमकं हवंय ते असं: चिठ्ठीने निवडलेल्या सामान्य माणसांच्या हाती प्रत्यक्ष खर्चाचे अधिकार काही वर्षं राहिले, असं आधुनिक काळातलं उदाहरण आहे का? आणि तिथे कायम बसलेले अधिकारी व तज्ज्ञच खरे मालक झाले का?