‘आता घ्या, पैसे नंतर द्या’ : कर्जदात्यांना धोका बुडीत कर्जाचा की कायद्याचा?

ताळेबंद :
खरेदीचे पैसे हप्त्यांनी चुकते करण्यासाठी ग्राहकाला कर्ज देणाऱ्या स्वीडनच्या क्लार्ना कंपनीचे मूल्यांकन जून २०२१ मध्ये ४५.६ अब्ज डॉलर होते आणि जुलै २०२२ मध्ये ते ६.७ अब्जांवर आले, तरी या काळात ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली असे काही झाले नव्हते. सहा आठवड्यांत वसूल होणारे, रकमेने लहान आणि बिनव्याजी असे हे कर्ज इतके जोखमीचे का मानले जाते? नियामकांचा रोख नेमका कशावर आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

खतावणी :
व्याज नाही म्हणजे उत्पन्न मुख्यतः दुकानदाराकडून मिळणाऱ्या शुल्काचे, आणि काही कंपन्यांत विलंब शुल्काचे. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने सप्टेंबर २०२२ मध्ये पाच कंपन्यांची आकडेवारी प्रसिद्ध केली. त्या आकडेवारीनुसार थेट खर्च वजा जाता हाती उरणारी रक्कम २०२० मध्ये दिलेल्या कर्जाच्या १.२७ टक्के होती, ती २०२१ मध्ये १.०१ टक्के झाली. ही स्थिती पैसा स्वस्त असतानाची आहे, हे विसरू नये.

आता साधा हिशेब करा. शंभराच्या खरेदीत ग्राहकाकडून पंचवीस लगेच मिळतात आणि उरलेले तीन हप्ते दोन, चार व सहा आठवड्यांनी येतात. म्हणजे कंपनीचे शंभर सरासरीने तीन आठवडे अडकले. कंपनीच्या निधीवरचा वार्षिक व्याजखर्च पाच टक्के बिंदूंनी वाढला, तर या एका व्यवहारावर सुमारे ०.२९ टक्के जादा पडतात. ऐकायला किरकोळ वाटते, पण हा १.०१ टक्क्यांच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक झाला. अमेरिकेतील धोरणदर, म्हणजे मध्यवर्ती बँक ठरवते ते व्याजदर, मार्च २०२२ ते जुलै २०२३ दरम्यान जवळपास शून्यावरून सव्वापाच टक्क्यांच्या पुढे गेले, हे लक्षात घेतले की मूल्यांकन का कोसळले याचा बराच उलगडा होतो.

कलमबहाद्दर :
वरील हिशेब मान्य आहे. परंतु मुळात हा धंदा कायद्याच्या फटीत उभा राहिला, हे अधिक महत्त्वाचे वाटते. अमेरिकेत चारपेक्षा अधिक हप्ते किंवा वित्तीय आकार (व्याज वा कर्जाबद्दलचे शुल्क) असेल तरच कर्जाच्या अटी व खर्च ग्राहकाला उघड सांगण्याचे नियम लागू होतात, म्हणून हप्ते नेमके चारच! ब्रिटनमध्येही बारा महिन्यांच्या आत, बारापर्यंत हप्त्यांत फिटणाऱ्या बिनव्याजी कर्जाला सूट होती. ऑस्ट्रेलियाने १० जून २०२५ पासून अशा कर्जदात्यांना पतपरवाना सक्तीचा केला. परवाना आला की ऐपत तपासणे आणि तक्रार निवारणाची यंत्रणा उभारणे ओघाने आलेच, आणि त्याचा खर्च त्याच एक टक्क्यातून भागवायचा.

नियम उलटही फिरतात, ही वेगळी डोकेदुखी. परतावा आणि वाद यांबाबत क्रेडिट कार्डासारखी जबाबदारी टाकणारा मे २०२४ चा अमेरिकी नियम मे २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. भारतात तर रिझर्व्ह बँकेच्या जून २०२२ च्या एका पत्रामुळे ग्राहकाला मंजूर केलेल्या कर्जमर्यादेतून त्याचे प्रीपेड वॉलेट आणि कार्ड भरण्याची पद्धतच थांबली.

उधारीखाते :
बुडीत कर्जाला वरील दोघांनीही फारच सहज सोडले आहे. एकच ग्राहक एकाच वेळी तीन-चार कंपन्यांकडून हप्ते घेतो आणि याची टोपी त्याला घालत राहतो; पतमाहिती संस्थांकडे ही कर्जे बराच काळ नोंदली जात नसल्याने प्रत्येक कंपनीला तो स्वच्छ दिसतो. कर्ज अल्पमुदतीचे असल्याने चूक लवकर कळते आणि देणे तात्काळ आखडता येते, हे खरे. मात्र आखडल्यावर दुकानदाराची विक्री घटते आणि तो दुसरा कर्जदाता शोधतो.

मूळ प्रश्नकर्त्यांना एक सुचवतो : ताळेबंद पाहताना उत्पन्न किती दुकानदारांत विभागले आहे तेही तपासावे. जून २०२० ला संपलेल्या आर्थिक वर्षात याच धंद्यातील अफर्म या अमेरिकी कंपनीचा २८ टक्के महसूल पेलोटन या व्यायामाच्या सायकली विकणाऱ्या एकाच कंपनीतून आला होता.