वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी गावातच करावी, की त्यासाठी शहरातला क्लास लावावा?

जीवशास्त्र शिक्षक, दारव्हा (यवतमाळ)

नीट या देशपातळीवरील वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की आपल्या भागात दरवर्षी काही मोजकी मुले फार अस्वस्थ असतात. गुण उत्तम असतात, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे एएफएमसीचे, बोलावणे आलेले असते आणि आता मुलाखत द्यायची असते. राज्यातील इतर वैद्यकीय महाविद्यालयांचे प्रवेश गुणवत्ता यादीवर होत असल्यामुळे मुलाखत कशी असते हे घरात किंवा शाळेत सांगणारे कोणी नसते. मग कोणीतरी नागपूरच्या किंवा पुण्याच्या ‘इंटरव्ह्यू क्लास’चे नाव सुचवते आणि पेरणीसाठी राखून ठेवलेला पैसा तिकडे जातो.

माझे स्पष्ट मत असे आहे की हा खर्च टाळावा, कारण त्यातून मुलाच्या हाती फारसे काही लागत नाही आणि त्याच्याजवळ जे असते तेही झाकले जाते. एएफएमसीत नीटच्या गुणांनंतर इंग्रजी आकलन व तर्कशक्तीची छोटी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असे टप्पे असतात. अंतिम यादीत लेखी भागाचे २०० आणि मुलाखतीचे ५० गुण धरले जातात. ज्या मुलाने नीटमध्ये १८० प्रश्न सोडवून तिथवर मजल मारली आहे, त्याच्या अभ्यासाबद्दल मुलाखत मंडळाला फारशी शंका नसते. समोरचा मुलगा विचार कसा करतो, अडचणीत गोंधळतो का, आणि डॉक्टर होण्याची त्याची इच्छा कशावर उभी आहे, एवढेच त्यांना पाहायचे असते.

आता आपल्या मुलांनी काय पाहिलेले असते ते बघा. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, डोक्याइतकी वाढली होती, फवारा अंगावर येत होता, हातमोजे आणि मास्क कोणाकडे नव्हते. फवारणी करून आलेल्या माणसाच्या तोंडातून लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, घाम थांबत नाही, हे आमच्या वर्गातल्या अनेकांनी लहानपणी घरात किंवा शेजारी पाहिले आहे. अकरावीत तोच विद्यार्थी चेतापेशींच्या जोडावर अॅसिटिलकोलीन हे संदेश पोहोचवणारे रसायन कसे काम करते ते शिकतो. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक त्या अॅसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) बंद पाडते, ते साचत जाते, आणि म्हणून डॉक्टर त्याचा परिणाम रोखणारे अॅट्रोपीन देतात, एवढा दुवा त्याने स्वतः जोडला, तर ‘तुम्हाला डॉक्टर का व्हायचे आहे’ या प्रश्नाला त्याच्याजवळ असे उत्तर असेल, जे कोणत्याही क्लासच्या पुस्तिकेत सापडणार नाही. क्लासमधून मात्र तो ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य पाठ करून येतो.

सराव गावात करता येतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने एक पद्धत विकसित केली आणि २००४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तीत एका मंडळासमोर एकच लांब मुलाखत घेण्याऐवजी उमेदवार सुमारे दहा टेबलांवर प्रत्येकी आठ-आठ मिनिटे बसतो. प्रत्येक टेबलावर वेगळा परीक्षक आणि वेगळा प्रसंग असतो, आणि प्रत्येक जण आपापले गुण स्वतंत्रपणे देतो, त्यामुळे एकाच्या पूर्वग्रहाने सगळे बिघडत नाही. ब्रिटनमधील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनी हीच रीत स्वीकारली आहे. आपल्या शाळेच्या वर्गात रविवारी चार टेबले लावता येतील. एकावर प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, दुसऱ्यावर सेवानिवृत्त फौजी, तिसऱ्यावर आशाताई, चौथ्यावर इंग्रजीच्या बाई बसतील. याला फारसा खर्च येत नाही. आपले मत कळवावे.

कापूस उत्पादक पालक, आर्णी

सर, आपले म्हणणे मनाला पटते, पण माझ्या मुलीच्या उपयोगाचे वाटत नाही. ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आहे. नीटचा पेपर मराठीतही देता येतो. एएफएमसीची ती छोटी परीक्षा मात्र इंग्रजीची आहे, आणि मुलाखतीत प्रश्न इंग्रजीत आला तर ती उत्तर इंग्रजीतच देऊ पाहील. फवारणीबद्दल तिला शहरातल्या मुलीपेक्षा शंभर गोष्टी जास्त ठाऊक असतील, पण त्या सांगताना तिसऱ्या वाक्याला ती अडखळली, तर समोर बसलेल्या माणसाला तिचे अडखळणेच दिसेल. तिथे मुलींच्या जागा मुलांपेक्षा बऱ्याच कमी आहेत, म्हणजे चुकायला वावही कमी आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. शहरातला नोकरदार पालक मुलाखतीसाठी क्लास लावतो तेव्हा त्याला कोणी अडवत नाही. शेतकऱ्याने तोच खर्च करायचे ठरवले की त्याला पेरणीची आठवण करून दिली जाते. माझ्या मुलीला समोरच्या स्पर्धकाइतकेच शिकवून पाठवावे असे मला वाटते, आणि शाळेतल्या चार टेबलांवर तिला तेवढे मिळेल याची खात्री मला कोणी देऊ शकत नाही.

वैद्यकीय अधिकारी, मेळघाट

मी सरांच्या बाजूने आहे, मात्र माझे कारण थोडे वेगळे आहे. मुलाखतीत इंग्रजी किती सफाईदार आहे, यापेक्षा ऐकून घेण्याची सवय आहे की नाही हे जास्त लवकर उघडे पडते. माझ्या बाह्यरुग्ण विभागात कोरकू बोलणारी आई बाळाला घेऊन येते, तेव्हा मला अर्धे शब्द कळतात आणि उरलेले तिच्या हातांवरून व बाळाच्या श्वासावरून समजून घ्यावे लागतात. हे कौशल्य ज्याच्याजवळ आहे तो परीक्षकाचा प्रश्नही नीट ऐकतो, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर देत नाही.

सरावासाठी एक प्रसंग सुचवतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची प्राथमिक तपासणी आपल्या उपकेंद्रांवर होते. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात आणि नळीच्या मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसतात का ते पाहतात. द्रावण गढूळ राहून रेघा दिसेनाशा झाल्या, तर तो वाहक (स्वतः आजारी नसलेला, पण दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारा) आहे की रुग्ण हे ठरवायला पुढची तपासणी करावी लागते. आता असे समजा की लग्न ठरलेल्या एका मुलाला आपण वाहक असल्याचे कळले आहे आणि तो डॉक्टरांना म्हणतो, ‘मुलीकडच्यांना सांगू नका.’ विद्यार्थ्याने डॉक्टर म्हणून त्याच्याशी आठ मिनिटे बोलावे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे शास्त्र त्याला पाठ असते. पण रुग्णाचे गुपित राखणे आणि दुसऱ्याचे नुकसान टाळणे या दोन कर्तव्यांमध्ये अडकल्यावर काय बोलावे, मुलाने स्वतःच होणाऱ्या पत्नीला सांगावे आणि तिचीही तपासणी व्हावी यासाठी त्याचे मन कसे वळवावे, हे मात्र कोणी शिकवलेले नसते. हा प्रसंग मराठीत करावा, मग इंग्रजीत करावा. आधी विचार जुळवला की भाषा पुष्कळ सोपी होते, असा माझा अनुभव आहे.

वकील, पुसद

मी दोन्ही बाजूंशी असहमत आहे. तयारी कुठे करावी यावर वाद घालण्यापूर्वी, मुलाखत ही पद्धत ग्रामीण मुलाच्या हिताची आहे का, हे विचारायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने अजय हासिया प्रकरणात, नोव्हेंबर १९८० मध्ये, श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या निवडीची तपासणी केली होती. तेथे लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी परीक्षेला ५० गुण होते. उमेदवारांचे म्हणणे होते की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली गेली आणि प्रश्न आई-वडिलांविषयी व राहण्याच्या ठिकाणाविषयी विचारले गेले. मुलाखतीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरेल, असे न्यायालयाने म्हटले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशी सूचनाही केली. आई-वडील कोण आणि गाव कोणते, या प्रश्नांनी कोणाचे नुकसान होते हे आपल्याला सांगायला नको.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये नीटपूर्वी मुलाखती व निरनिराळ्या कसोट्यांवर आधारलेली स्वतःची निवडप्रक्रिया होती, आणि ती अनेकांना आदर्श वाटत असे. २९ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक व खासगी संस्थांनाही नीट लागू असल्याचे ठामपणे सांगितले. मला तो निकाल योग्य वाटतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला विद्यार्थ्याचे कपडे दिसत नाहीत, त्याचे आडनाव वाचता येत नाही आणि त्याच्या उच्चारातले वऱ्हाडी वळण ऐकू येत नाही. लष्करी सेवेची गरज वेगळी असल्यामुळे एएफएमसीची मुलाखत मी एक वेळ मान्य करतो, पण परदेशातल्या पद्धतीचे कौतुक ऐकून उद्या कोणी राज्यातल्या सर्व महाविद्यालयांत मुलाखती सुरू करण्याची मागणी करू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

सेवाग्रामची माजी विद्यार्थिनी, वर्धा जिल्हा

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला जोड देते. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये सुरू झाले. नीट येण्यापूर्वी तेथील प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा स्वतंत्र पेपर असे. प्रवेशानंतर विद्यार्थी आश्रमात राहून शिबिर करतात, खादी वापरतात आणि दत्तक घेतलेल्या गावात घरोघरी जाऊन कुटुंबांशी नाते जोडतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची वृत्ती काही मिनिटांत ओळखण्यापेक्षा ती प्रवेशानंतर घडवणे अधिक प्रामाणिक आहे, असे माझे मत आहे. तरीही ज्या मुलांना आज पुण्याला जायचेच आहे, त्यांच्यासाठी सरांची टेबले लावायलाच हवीत.

सेवानिवृत्त लष्करी डॉक्टर, बुलढाणा जिल्हा

तत्त्वाची चर्चा चालू द्यावी. मी मुलांच्या मनावर येणाऱ्या ताणाबद्दल लिहितो, कारण तयारी असूनही पुष्कळ जण तिथेच कोसळतात.

प्रवासापासून सुरुवात करावी. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेसने जाणाऱ्यांनी रात्रभर जागून सकाळी थेट रांगेत उभे राहू नये, एक मुक्काम आधी पोहोचावे. दृष्टी, दात, कान यांची तपासणी निकालाच्या आधीच जवळच्या रुग्णालयात करून घ्यावी, म्हणजे वैद्यकीय तपासणीची अकारण धास्ती राहत नाही. मूळ कागदपत्रांची पिशवी स्वतः सांभाळावी, वडिलांकडे देऊ नये, कारण आत गेल्यावर वडील बाहेर असतात.

मुलाखतीत उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ असे सरळ सांगावे आणि पुढच्या प्रश्नासाठी थांबावे. लष्करातील मंडळाला थाप मारणारा उमेदवार सर्वांत जास्त खटकतो, कारण उद्या त्याच्या शब्दावर जवानाचा जीव अवलंबून असणार आहे. सैन्यात का यायचे आहे, याचे उत्तर घरात आधी खरेपणाने ठरवावे. शिक्षणाचा खर्च शासन करते हे कारण लपवण्यासारखे मुळीच नाही, पण पदवीनंतर सेवेचे बंधन आहे, बदल्या आहेत, सीमेवर राहणे आहे, हे समजून उमेदवार तयार असावा. बंधनपत्र म्हणजे काय हे आई-वडिलांनीही वाचावे.

निवड झाली नाही तर काय, हे निघण्यापूर्वीच मुलाला सांगून ठेवावे. एएफएमसीत नाव न आल्याने नीटचा गुण कमी होत नाही. राज्याच्या प्रवेश फेऱ्यांमध्ये तो तसाच धरला जातो, आणि गेल्या काही वर्षांत चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, गडचिरोली, वाशिम येथे शासकीय महाविद्यालये सुरू झाल्यामुळे विदर्भातील मुलांना घराजवळचे पर्याय वाढले आहेत. परत आलेल्या मुलाला गावभर ‘काय झाले’ असे विचारत फिरू नये. तो जेवत नसेल, झोपत नसेल, एकटा राहू लागला असेल, तर टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

जीवशास्त्र शिक्षक, दारव्हा

वकीलसाहेब, सर्व महाविद्यालयांत मुलाखती सुरू कराव्यात अशी माझी मागणी नाही, आणि यंत्राला आडनाव वाचता येत नाही हा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. माझा प्रश्न आज बोलावणे आलेल्या मुलांपुरता आहे. डॉक्टरांनी सुचवलेला सिकलसेलचा प्रसंग येत्या रविवारपासून सरावात घेतो. त्यांच्यासारखे प्रत्यक्ष रुग्ण पाहणारे चार-पाच जण महिन्यातून एक सकाळ देणार असतील, तर कोणत्याही शहरी क्लासपेक्षा हा सराव उजवा ठरेल, या मतावर मी ठाम आहे. शहरी क्लासमध्ये बहुधा एकच प्रशिक्षक सर्वांना एका साच्यातली उत्तरे देतो, आणि तीच उत्तरे एकामागून एक ऐकणाऱ्या मंडळाला तो साचा ओळखता येत नसेल, असे मला वाटत नाही.

आर्णीच्या दादांनी मांडलेला इंग्रजीचा प्रश्न मात्र रविवारच्या टेबलांनी सुटणार नाही, हे खरे आहे. त्यासाठी अकरावीपासून रोज इंग्रजी वर्तमानपत्रातील एक उतारा वाचून त्यावर दोन मिनिटे बोलायचे, असा तास वेळापत्रकात घालावा लागेल.

कापूस उत्पादक पालक, आर्णी

सर, पेरणीचा मुद्दा आपण आपुलकीने काढला होता हे मी जाणतो. पण ‘घालावा लागेल’ आणि ‘घातला आहे’ यांत आमच्या मुलांची दोन वर्षे जातात. माझी मुलगी आता बारावीत आहे, म्हणून तिच्यासाठी मी क्लासचे पैसे भरणार आहे, आणि रविवारी ती आपल्या टेबलांवरही येईल. धाकटा यंदा दहावीत आहे. तो अकरावीत येईल तेव्हा इंग्रजीचा तो तास कोण घेणार, बाईंची बदली झाली तर त्यांच्या जागी कोण येणार, हे शाळेने पालकसभेत लेखी सांगावे. तसे झाले तर त्याच्यासाठी मी शहरात चौकशी करणार नाही.