उंच माणसाने स्वस्तातली पहिली सायकल घेताना आधी फ्रेम बघावी, गिअर-डिस्क ब्रेक नंतर

कर्वेनगरकर
माझी उंची सहा फूट दोन इंच. शाळा सुटल्यावर सायकलला हात लावला नव्हता, दोन वर्षांपूर्वी परत सुरू करायची म्हणून तेरा हजारात नवी घेतली. दुकानदार म्हणाला तुमच्या उंचीला २९ची घ्या, सगळी उंच मुलं हीच नेतात. मी खुश. घरी आल्यावर कळलं की २९ हा चाकाचा आकार, फ्रेम १८ इंचीच, म्हणजे पाच फूट सातवाल्याला बसेल अशी. चाक मोठं दिसतं म्हणून सायकल मोठी वाटते, पण आपण बसतो फ्रेमवर, चाकावर नाही.

सीट खाली होती तेव्हा पुण्याच्या चांदणी चौकाच्या चढाला गुडघे पोटाला लागायचे, तीन आठवड्यांत गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं, जिना उतरताना पण कळ यायची. मग सीट वर काढत गेलो तर सीटच्या पाईपावर बारीक उभ्या रेघांचा पट्टा असतो ना, याच्या वर काढू नका म्हणून, तो फ्रेमच्या बाहेर आला. तसं चालवणं धोक्याचं, पाईप तरी वाकतो नाहीतर फ्रेम तरी तडकते.

तेव्हा बसून हिशोब केला. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांच्या मधे जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. माझं आलं ८९ सेंमी. त्याला ०.८८३ ने गुणलं की साडेअठ्ठ्याहत्तर, एवढं अंतर पायडल जिथे फिरतं त्या मधल्या बिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंत पाहिजे. १८ इंची फ्रेममधली सीटची उभी नळी ४६ सेंमी, सीटची स्वतःची उंची पाच-सहा धरा, म्हणजे पाईप २७ सेंमी बाहेर. आणि कंपनीने दिलेला पाईप ३० सेंमीचा! आत राहिला तीन. हे दुकानात पाच मिनिटांत कळलं असतं.

शेवटी ती विकली आणि नऊ हजारात जुनी २१ इंची हायब्रिड (रस्त्याची आणि डोंगरातली यांच्या मधली) घेतली, सस्पेन्शन नाही, डिस्क नाही, साधे व्ही ब्रेक, रिमला दोन्हीकडून चिमटणारे. गुडघा परत दुखला नाही. म्हणून माझं ठाम मत, बजेट कमी असेल तर बाकी सगळं सोडा पण माप सोडू नका.

स्पोकवाला
दुखलं ते खरं, पण नवीन माणसाला एवढं घाबरवू नका. तुमचा प्रॉब्लेम फ्रेमचा कमी आणि पाईपाचा जास्त होता. ४० सेंमीचा पाईप मिळतो, काही शे रुपयात काम होतं, फक्त जाडी बघून घ्यायची, २७.२ मिमी आहे की अजून काही ते जुन्या पाईपावरच कोरलेलं असतं. तो टाकला असता तर १३ सेंमी आत राहिला असता, विषय संपला. आपल्याकडे दहा-पंधरा हजाराच्या बऱ्याच सायकली एकाच मापात येतात, मग सहा फुटी मुलाने काय मोठी फ्रेम मिळेपर्यंत चार महिने थांबायचं? तेवढ्यात त्याची हौस विरून जाते. आहे ती घ्या, चालवा, सहा महिने टिकलात तर मापाची घ्या.

कर्वेनगरकर
पाईप मी लावून बघितला होता, मित्राच्या सायकलचा. पायाचं सुटलं पण हाताचं काय? सीट एवढी वर गेली की हँडल खाली राहतं, आणि सीटची नळी तिरकी असल्यामुळे जितकी वर तितके आपण मागे जातो, चढाला पुढचं चाक हलकं लागतं. मनगटं मुंग्या येऊन बधीर व्हायची. आणि वळताना गुडघा हँडलला लागतो तो वेगळाच.

माणदेशी
तुम्ही सगळे काळ्या सायकलला विसरलात. २४ इंची फ्रेम, २८ बाय दीडचं चाक, उंच माणसासाठीच ती. माझे वडील सव्वासहा फूट, त्याच सायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या अडकवून रोज म्हसवडला जायचे, मी पहिल्यांदा शिकलो तो त्याच सायकलच्या दांडीखालून पाय घालून. पाठ सरळ, हँडल जवळ, मनगटावर भार नाही. टायर ट्यूब कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते, नवी घेतली तरी गिअरवालीपेक्षा कमी पैशात. फक्त दुकानदाराला सांगायचं २२ नको, २४च पाहिजे.

स्पोकवाला
काका, मान आहे त्या सायकलला, सपाटीला तिच्यासारखी दुसरी नाही. पण वीसेक किलो वजन, एकच गिअर आणि पावसात ते सळईने ओढायचे रॉड ब्रेक, त्यावर बावधनचा उतार नवख्याने उतरायचा? रिम ओली झाली की ब्रेक लागेपर्यंत चौक निघून जातो.

अश्विनी_क
मी पाच फूट दहा. मला प्रत्येक दुकानात आधी लेडीज सायकल दाखवली, खाली वाकलेल्या दांडीची, जी मला लहान मुलीची वाटत होती. मापाच्या बाबतीत कर्वेनगरकरांशी शंभर टक्के सहमत, पण नवख्याने जुनी घ्यावी याला माझा विरोध आहे. मी घेतली होती सात हजाराला, माप अगदी बरोबर. पण चेन ताणलेली, त्यामुळे मागचे दाते झिजलेले, नवी चेन टाकली तर ती त्या दात्यांवरून घसरायची, म्हणून फ्रीव्हील, म्हणजे ती मागची दात्यांची चकती, पण बदललं, मग टायरच्या कडेला चिरा निघाल्या. तुम्हाला जे दिसतं ते नवख्याला दिसत नाही हो. त्यापेक्षा नवीनच घ्या, पण जिथे एकच मॉडेल एल किंवा एक्सएल मापात ठेवतात अशा दुकानातून, आणि सस्पेन्शन नसलेली. स्वस्त सस्पेन्शन उगाच वजन वाढवतं, खड्ड्यात फार काही करत नाही, ते पैसे मापात घाला.

अजून एक, याबद्दल कोणीच बोललं नाही. नवखा माणूस भीतीपोटी सीट खालीच ठेवतो कारण दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत. लांब पायाच्या माणसाला यानेच सगळ्यात जास्त त्रास होतो, मापाची सायकल घेऊनही गुडघे दुखतात. पायडल खाली असताना टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, आणि थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय लावायची. मला मोकळ्या मैदानात दोन दिवस लागले.

कर्वेनगरकर
सीटच्या भीतीचं अगदी खरं, माझ्या पहिल्या सायकलवर सुरुवातीचे तीन आठवडे मी तेच केलं होतं, त्यामुळे सगळा दोष फ्रेमला देता येणार नाही. जुन्याबद्दलही मान्य, माझ्याबरोबर सायकल दुरुस्त करणारा मित्र होता म्हणून जमलं. पण लांब पाईप टाकून भागवा हे मला अजून पटत नाही.

स्पोकवाला
मला एक्सएलसाठी थांबा हे पटत नाही. मी पाच फूट अकरा, तुमच्याएवढ्या उंचीचं मला माहीत नाही असं म्हणाल, तर रविवारी सकाळी एनडीए रोडला तुमची २१ घेऊन या. माझ्या भावाची १८ची आणतो, लांब पाईप लावून, तो सहा फूट तीन आहे. दोन्ही आलटून पालटून चालवू.

कर्वेनगरकर
येतो. टेप पण आणतो.